पॉलीहाऊस पाहायला चैत्रात या, पण सकाळी सातला

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीतली आठ-दहा कुटुंबं रविवारच्या शेतकरी आठवडी बाजारातून भाजी घेतात. तिथली रंगीत ढोबळी, काकडी आणि उन्हाळ्यातली कोथिंबीर जुन्नर आणि मावळ भागातल्या घरच्या घरी चालवलेल्या पॉलीहाऊसमधून, म्हणजे प्लॅस्टिकनं झाकलेल्या शेतघरांतून, येते. पाडवा झाला की मुलांना घेऊन ती पॉलीहाऊस पाहायची आहेत. तर कधी जावं, काय पाहावं, काय विचारावं, पैसे द्यावेत का, आणि बाल्कनीत लावायला रोपं मिळतील का?

मी जुन्नर तालुक्यातली. आमचं दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे आणि त्याला लागून तेवढंच शेडनेट, म्हणजे जाळीनं सावली केलेलं रान. सोळा वर्षं झाली. सासूबाई, मी, माझे पती आणि धाकटे दीर, एवढ्या माणसांवर ते चालतं. नऊ वर्षांपासून आम्ही माल घेऊन पुण्याला आठवडी बाजारात बसतो. ओळखीची गिऱ्हाइकं दरवर्षी पाहायला येतात, त्यामुळे पाहुण्यांची बाजू आणि घरच्यांची बाजू, दोन्ही मला माहीत आहेत.

आधी चैत्राबद्दल. बरेच जण सांगतील की डिसेंबर-जानेवारीत जा, तेव्हा झाडं देखणी असतात. असतात खरी. पण तेव्हा पॉलीहाऊसचं खरं काम दिसत नाही. थंड देशांत ऊब धरून ठेवायला हे घर बांधतात. आपल्याकडे उलटं. फाल्गुन सरत आला की आमची सगळी धडपड आतली उष्णता बाहेर काढण्याची असते. ढोबळीला दिवसा २१ ते २८ अंश मानवतं. पस्तिशी ओलांडली की फुलं गळायला लागतात, परागकण निकामी होतात, लागलेली फळं वेडीवाकडी निघतात. बाहेर ३७ अंश असताना वर प्लॅस्टिक आणि आत अडीच हजार झाडं, अशा घरात पारा पस्तीसच्या आसपास राखायचा म्हणजे काय, हे चैत्रातच कळतं. म्हणून तुम्ही निवडलेला महिना अगदी बरोबर आहे. फक्त वेळ सांभाळा.

सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर नको. नारायणगाव पुण्याहून साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे पहाटे पाचला निघावं लागेल. मुलं कुरकुर करतील, तरी निघा. सातला आलात तर पडदे उघडताना दिसतील, ठिबक चालू असताना दिसेल, पानांवरची तकाकी दिसेल. अकराला आलात तर मुलांना चक्कर यायची वेळ येईल आणि झाडंही मान टाकलेली दिसतील. दुपारी पानं मलूल होणं हा रोग नव्हे, पण पाहणाऱ्याला वाटतं की यांच्या झाडांना पाणी नाही. संध्याकाळी पाचनंतरही येता येतं, मात्र फवारणी बहुतेक वेळा संध्याकाळीच असते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. फवारलेल्या बंद घरात मुलांना घेऊन कुणीही शिरू नये, आणि कुठल्याही शेतकऱ्यानं शिरू देऊ नये.

दिवस कोणता, हे शहरातल्या माणसांना सहसा सुचत नाही, कारण त्यांना शनिवार-रविवार मोकळा असतो. आमचे तेच दोन दिवस सगळ्यांत अडचणीचे. रविवारच्या बाजारासाठी शनिवारी पहाटे तोडा सुरू होतो. मग निवड, पुसणं, क्रेट भरणं, कोथिंबिरीच्या जुड्या बांधणं. रात्री जेमतेम तीन-चार तास पाठ टेकते आणि तीनला गाडी निघते. रविवारी घरात वयस्क माणसं तेवढी असतात. सोमवारी हिशेब, रिकामे क्रेट धुणं आणि आठवड्याची राहिलेली झोप. तेव्हा मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस धरा. महावीर जयंतीसारखी सुट्टी मधल्या वारी येत असेल तर उत्तम. आणखी एक विचारून घ्या: गावची यात्रा कधी आहे? चैत्रात आमच्याकडे गावोगाव यात्रा असतात. त्यातच उन्हाळी कांद्याची काढणी चालू असते, म्हणजे मजूर मिळत नाहीत आणि घरच्याच माणसांवर सगळा भार येतो. यात्रेला पाहुणे म्हणून जरूर या, पण त्या दिवशी पॉलीहाऊस दाखवायला माणूस मागू नका.

आता पाहायचं काय. दारापासून सुरुवात करा. चांगल्या पॉलीहाऊसला दोन दारं असतात, मध्ये एक छोटी खोली. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. फुलकिडे आणि पांढरी माशी आत येऊ नयेत यासाठी ही सोय असते, बाजूंनाही त्यासाठीच बारीक जाळी लावलेली असते. दोन्ही दारं सताड उघडी टाकून मालक तुम्हाला आत नेत असेल, तर समजा की त्या घरात औषधाचा खर्च जास्त आहे. मी दुसऱ्यांच्या पॉलीहाऊसवर गेले की पिकाच्या आधी दाराकडे पाहते.

आत शिरण्यापूर्वी आम्ही पाहुण्यांना तीन गोष्टी सांगतो आणि त्या मी इथेही सांगते, कारण यजमान संकोचानं बोलत नाहीत. पहिली, पिवळे कपडे नकोत. पांढऱ्या माशीला पिवळा रंग खेचतो, फुलकिड्यांना निळा. म्हणूनच आत पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगलेले असतात. पांढरा किंवा फिका सुती सदरा बरा. दुसरी, एका दिवसात दोन-तीन ठिकाणी जाणार असाल तर क्रम लावा. आधी रोपवाटिका, मग कोवळं पीक, मग जुनं पीक. उलट गेलात तर जुन्या झाडांवरची कोळी कीड तुमच्या बाह्यांवर बसून नव्या रोपांवर उतरते. आमच्याकडे एकदा एक मोठा गट असाच तिसऱ्या ठिकाणाहून थेट आमच्या नुकत्याच लावलेल्या काकडीत शिरला. दहा दिवसांनी दाराजवळच्या दोन ओळींत पानांच्या खाली जाळी दिसायला लागली. कोळी त्यांच्याच बरोबर आली हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्यानंतर आम्ही क्रम विचारल्याशिवाय कुणाला आत घेत नाही.

तिसरी गोष्ट तंबाखूची. तुमच्यातलं कुणी तंबाखू मळत असेल किंवा विडी-सिगारेट ओढत असेल, तर साबणानं हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. तंबाखू, मिरची, टोमॅटो ही एकाच कुळातली झाडं. तंबाखूच्या पानावरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि बोटांवरून ढोबळीच्या पानावर जातो. पानं चितकबरी होतात, वाढ खुंटते आणि त्यावर औषध नाही. छाटणीच्या दिवशी आम्ही कडेला दुधाच्या पावडरीचं पाणी बादलीत ठेवतो आणि मधूनमधून त्यात हात व कात्री बुडवतो. दुधातल्या प्रथिनांमुळे या विषाणूचा प्रसार रोखला जातो. नव्यानं कामाला आलेल्या बायांना हे पटायला वेळ लागतो, पण आमच्याकडे त्याचा गुण आला आहे.

आत गेल्यावर वर पाहा. माथ्याशी लांबलचक उघडी खिडकी दिसेल. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते; बाजूचे पडदे वर गुंडाळले की खालून गार हवा येते. आमचं पॉलीहाऊस या दोन भोकांवर चालतं, पंखा नाही की कूलर नाही. पडदे किती वाजता, किती फूट, कोणत्या बाजूचे उघडायचे, हे रोज ठरवावं लागतं. आमच्याकडे हे काम सासूबाईंचं आहे. त्या थर्मामीटर पाहतात, पण त्याआधी दारात उभ्या राहून गालावर हवा घेतात. पश्चिमेचा वारा वाढला की त्या बाजूचा पडदा अर्धा खाली, वारा पडला की पुन्हा वर. मुलांना पॉलीहाऊसमध्ये दाखवायची पहिली गोष्ट कोणती असं मला विचाराल तर ही. दोरी ओढून पडदा गुंडाळायला द्या त्यांना. यजमान आनंदानं देतील.

पडद्यानं भागत नाही तेव्हा सावली. कुणी आतून पांढरी जाळी ओढतं, कुणी प्लॅस्टिकवर बाहेरून चुन्यासारखं पांढरं द्रावण मारतं. इथे प्रत्येक घराचं मत वेगळं ऐकायला मिळेल आणि ते ऐकण्यासारखं असतं. सावली जास्त केली तर झाडं उंच, किडकिडीत होतात आणि फळ कमी धरतं; कमी केली तर फळाच्या उन्हाकडच्या अंगाला पांढुरका, कागदासारखा चट्टा पडतो. आम्ही होळीच्या सुमारास जाळी लावतो, आणि ढगाळ दिवस आला की आवर्जून सारून घेतो. तिसरी सोय फॉगरची, म्हणजे धुक्यासारखा फवारा. चैत्रात हवा इतकी कोरडी असते की दोन-चार सेकंदांच्या फवाऱ्यानं आत लगेच सुसह्य वाटतं. पण पानं ओली राहिली तर बुरशीला आमंत्रण, म्हणून फॉगर हा थोडक्यात वापरायचा. मुलं तो पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. एकदा पुरे.

झाडं पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आमच्यासारखी श्रावणातली लागवड असेल तर चैत्रात झाडं नऊ-दहा फुटांवर पोचलेली असतात आणि शेवटचे तोडे चालू असतात. प्रत्येक झाडाला दोन किंवा चार फांद्या ठेवून त्या दोऱ्यांनी वरच्या तारेला टांगलेल्या असतात. दर आठवड्याला शेंडा दोरीला गुंडाळायचा आणि बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतले कोंब, काढायची. हे काम बहुतेक घरांत बाया करतात, मान वर करून, तासन्‌तास. दोन वाफ्यांमधली वाट दीड फुटाची असते, तेव्हा एका वेळी सहा-सात माणसांनीच आत जायचं, एकामागे एक. दोरीला हिसका बसला तर फांदी बुडातून निघते आणि तिच्यावरची सगळी फळं जातात.

लाल, पिवळी आणि हिरवी ढोबळी ही वेगवेगळी पिकं आहेत असं बाजारात दहातले सात जण समजतात. हिरवी म्हणजे कच्ची. तेच फळ झाडावर ठेवलं की जातीप्रमाणे पिवळं किंवा लाल होतं. लागवडीपासून हिरवी ५५ ते ६० दिवसांत तोडता येते, पिवळीला ७० ते ७५ दिवस, लालला ८० ते ९०. म्हणजे लाल फळ महिनाभर जास्त झाडावर राहतं. तेवढे दिवस त्याला ऊन, कीड, चट्टा यांचा धोका, आणि तेवढे दिवस झाडावर त्याचं ओझं. रंगीत ढोबळी महाग का, याचं उत्तर त्या महिनाभरात आहे. एका झाडावर कच्चं, अर्धवट रंग चढलेलं आणि पूर्ण पिकलेलं फळ एकाच वेळी दिसतं, ते मुलांना शोधायला सांगा.

काकडी असेल तर मुलं विचारतील की मधमाशा कुठे आहेत. पॉलीहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीला परागीभवन लागतच नाही. मधमाशी आत आली तर उलट बी धरतं आणि फळ एका टोकाला फुगतं. उघड्या शेतातल्या काकडीला मात्र मधमाशीशिवाय गत्यंतर नाही. शेजारच्याच रानात दोन्ही पाहायला मिळाल्या तर मुलांना हा फरक जन्मभर लक्षात राहील.

आणि आता मला जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. यजमानांना म्हणा, संपलेल्या ओळीतलं एक झाड उपटून मुळं दाखवा. चैत्र-वैशाखात झाडं काढायचीच असतात, त्यामुळे कुणी नाही म्हणणार नाही. मुळांवर गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या. पॉलीहाऊसला सगळ्यांत जास्त पोखरणारा शत्रू हाच, कारण त्याच मातीत वर्षानुवर्षं तीच दोन-तीन पिकं फिरत असतात, पाऊस पडत नाही, ऊन थेट लागत नाही. आमच्या सातव्या वर्षी दोन वाफे असे बसले की पाणी-खत देऊनही झाडं पिवळीच. उपटून पाहिलं तर मुळं रुद्राक्षाच्या माळेसारखी. आम्ही त्या उन्हाळ्यात पीक घेतलंच नाही. वाफे खोदले, भरपूर पाणी दिलं, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून सहा आठवडे उन्हात तापवले, मग निंबोळी पेंड, शेणखत, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, आणि कडेनं झेंडू. एका हंगामाचं उत्पन्न गेलं, पण माती परत आली. वसंतात गेलात तर हे तापवण्याचं काम एखाद्या घरी चालू असलेलं दिसेल. रिकामे वाफे पाहून निराश होऊ नका. पुढच्या वर्षीची भाजी तिथेच तयार होत असते.

वाफ्याची माती हातात घेऊन पाहा. बहुतेक ठिकाणी ती मूळची नसते. तांबडी माती बाहेरून आणून त्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळून दीड फूट उंच वाफे केलेले असतात, म्हणजे पाणी तुंबत नाही आणि मुळांना हवा मिळते. काळ्या जमिनीत हे जमत नाही. दहा गुंठ्यांना किती गाड्या माती लागली, हे विचारलंत तर तुम्हाला त्या घराच्या कर्जाचीही कल्पना येईल.

पाणी विचारायला विसरू नका. पॉलीहाऊसचं छप्पर मोठं, दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. त्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सात लाख लिटर पाणी होतं. पन्हळीला पाइप जोडून ते शेततळ्यात सोडलं तर चैत्रात रोज चार-पाच हजार लिटर लागलं तरी साडेचार ते पावणेसहा महिने पुरेल, बाष्पीभवन वजा जाता थोडं कमी. हे पाणी बोअरपेक्षा मऊ, क्षार नसलेलं, त्यामुळे ठिबकच्या नळ्याही चोंदत नाहीत. आम्ही पहिली चार वर्षं ते ओढ्याला जाऊ दिलं, त्याची मला आजही हळहळ वाटते. पन्हळ कुठे जाते ते पाहा. ज्या घरानं ती तळ्याला जोडली आहे, त्या घराचा उन्हाळ्यातला माल तुम्हाला खंड न पडता मिळेल.

प्रश्नांबद्दल थोडं. ‘तुमचं सगळं सेंद्रिय आहे ना?’ असा प्रश्न सर्रास येतो. असं विचारलं की शेतकरी हो म्हणतो किंवा गप्प बसतो, दोन्हींनी काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, त्यानंतर किती दिवसांनी तोडा केला, आणि नोंदवही पाहू का? प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. वही ठेवणारा शेतकरी ती अभिमानानं काढून दाखवेल. जो पूर्ण सेंद्रिय म्हणतो त्याच्याकडे पीजीएस गटाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. त्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. मी स्वतः पूर्ण सेंद्रिय नाही. सापळे, निंबोळी अर्क, मित्रबुरशी यांवर जितकं निभेल तितकं निभावते, नाहीच निभलं तर औषध मारते आणि दिवस मोजते. गिऱ्हाइकाला हे सांगताना मला कधी अडचण वाटली नाही. ऐकून कुणी दुसरीकडे गेलं तरी चालेल, पण न सांगता विकलेली भाजी मला नको.

‘महिन्याला किती सुटतात?’ हे मात्र चारचौघांत विचारू नका. पॉलीहाऊस दहा गुंठ्यांचं असलं तरी उभारणीचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. फलोत्पादन अभियानातून निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं, पण ते बहुधा उभारणीनंतर येतं आणि बँकेचा हप्ता आधी सुरू होतो. दर तीन-चार वर्षांनी वरचं प्लॅस्टिक बदलायचं असतं, तो खर्च वेगळा. रस्त्यानं येताना तुम्हाला प्लॅस्टिक उडालेले, गंजलेले पाइपांचे सांगाडे दिसतील. ती अशीच घरं आहेत ज्यांना भाव पडल्यावर प्लॅस्टिक बदलता आलं नाही. मार्च २०२० मध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा रंगीत ढोबळीला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. आम्ही क्रेटच्या क्रेट गुरांपुढे टाकले. मग बाजारातल्या ओळखीच्या चार सोसायट्यांनी फोन केले, दीर पास काढून टेम्पो घेऊन जायला लागले आणि दोन महिने आम्ही त्या सोसायट्यांच्या दारात तगलो. तुम्ही आमच्याकडून भाजी घेता म्हणजे काय करता, हे मी तेव्हा पाहिलं आहे. त्याबद्दल मनापासून बोलायची संधी मिळते म्हणूनही मला पाहुणे हवे असतात.

विचारायचंच असेल तर ‘या खेपेला काय फसलं?’ असं विचारा. शेतकऱ्याला बोलतं करणारा याहून चांगला प्रश्न मला ठाऊक नाही. त्याच्या उत्तरात हवामान, बाजार, मजूर, बियाणं सगळं येतं.

पैशांचं असं. नोंदणी केलेलं कृषी पर्यटन केंद्र असेल तर त्यांचे दर ठरलेले असतात, ते द्या. राज्याचं त्यासाठीचं धोरण २०२० मध्ये आलं आणि जुन्नर तालुका तर पर्यटन तालुका म्हणून जाहीरच झालेला आहे, तेव्हा अशी केंद्रं सापडतील. पण तुमच्या बाजारातल्या शेतकऱ्याचं पॉलीहाऊस हे केंद्र नव्हे, त्याचं कामाचं ठिकाण आहे. तिथे प्रवेश फी विचारलीत तर तो अवघडेल. त्याऐवजी माल घ्या, आणि बाजारातल्याच भावानं घ्या. ‘आम्ही इथवर आलो, गाडीभाडं वाचलं, आता कमी करा’ असं म्हणू नका. तुमच्यासाठी त्या घरानं अर्ध्या दिवसाचं काम बाजूला ठेवलेलं असतं. जेवण हवं असेल तर दोन दिवस आधी माणसं मोजून सांगा आणि पैसे स्पष्ट ठरवून द्या. आमच्याकडे भाकरी, पीठ पेरलेली ढोबळी आणि ताक असतं, आणि त्याचे पैसे सासूबाईंच्या हातात जातात.

खरी मदत करायची असेल तर दुय्यम माल मागा. बुडाला काळा डाग पडलेली, उन्हाचा चट्टा आलेली, दोन टोकांची, आखूड राहिलेली ढोबळी. बुडाचा काळा डाग फळाला चुना कमी पोचल्यानं येतो, चैत्रातल्या उष्णतेत फार. तेवढा भाग कापून टाकला की बाकीचं फळ चवीला तेच. बाजारात ती मांडली तर लोक उचलून खाली ठेवतात, म्हणून आम्ही ती नेतच नाही, घरी खातो. एका आठवड्यात असे तीन-चार क्रेट निघतात. तुमची दहा कुटुंबं पाच-पाच किलो घेऊन गेलीत तर तो माल मार्गी लागेल.

रोपांचं थोडक्यात. या दिवसांत नारायणगाव परिसरातल्या रोपवाटिका उन्हाळी टोमॅटोच्या रोपांत बुडालेल्या असतात. त्यांचा व्यवहार हजारांत चालतो, दहा रोपं मागितलीत तर सुरुवातीला कुणी लक्ष देणार नाही. ऑर्डर भरून उरलेले ट्रे बाजूला असतात, त्यांतली मागा. टोमॅटोचं रोप साधारण २५ दिवसांचं, चार-पाच पानांचं, बुटकं आणि जाड देठाचं असावं. ट्रेमधून हलकेच ओढल्यावर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा पांढऱ्या मुळांनी बांधलेला अखंड निघाला पाहिजे. उंच आणि कळी आलेलं रोप मोठं दिसतं म्हणून घेऊ नका. ते ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेलं आहे. रंगीत ढोबळीचं रोप चैत्रात बाल्कनीसाठी अजिबात नको, फुलं गळतील आणि मुलं हिरमुसतील. मिरची, वांगं, टोमॅटो घ्या. घरी नेऊन संध्याकाळी लावा आणि पहिले चार-पाच दिवस दुपारचं ऊन लागू देऊ नका, कारण ती रोपं आतापर्यंत जाळीखाली वाढलेली असतात.

शेडनेटमध्ये तुमची कोथिंबीर पाहाल. उघड्यावर ती या उन्हात पटकन फुलावर येते. पन्नास टक्के सावलीत आठ-दहा दिवस जास्त तग धरते. मे महिन्यात जुडीचा भाव चढतो त्याचं कारण तिथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

शेवटी वळवाचं. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आलं की आमच्या घरातलं प्रत्येक माणूस हातातलं टाकून पॉलीहाऊसकडे धावतं. पडदे खाली, वरची फट बंद, दारं बंद. वारा आत शिरला की प्लॅस्टिक फुग्यासारखं फुगतं आणि मग क्लिपा सुटून पट्टेच्या पट्टे जातात. तुम्ही ठरवलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे वादळ किंवा गारा झाल्याची बातमी आली, तर निघण्याआधी फोन करा आणि ‘येऊ का’ असं विचारण्याऐवजी ‘किती माणसं लागतील’ असं विचारा. चार वर्षांपूर्वी तुमच्यासारखंच एक कुटुंब अशा सकाळी आलं. उत्तरेकडची दोन पाखं उघडी पडली होती आणि आम्ही चौघं ती बांधत होतो. त्यांनी फोन केला नव्हता, त्यांना काहीच कल्पना नव्हती. ते परत फिरले नाहीत. बाई आणि दोन्ही मुलं सासूबाईंबरोबर खाली पडलेली फळं वेचायला लागली, त्यांचे पती शेवटपर्यंत शिडी धरून उभे राहिले. दुपारी दोनला शेवटची क्लिप बसली. त्या दिवशी त्यांना मी काहीच दाखवलं नाही. दर रविवारी ते अजून येतात, आणि धाकटी मुलगी आधी विचारते, आज पडदे कुणी उघडले.